पोर्टचे चार अर्थ आणि रापणीचा एक वाटा

संचिता मॅडमांच्या इंग्रजी शिशुवर्गात या आठवड्याचा शब्द होता ‘पोर्ट’. बंदर, जहाजाची डावी बाजू, लॅपटॉपची खाच आणि एक गोड दारू. साडेतीन वर्षांच्या पोरांना दारू कशाला, हे विचारायची सोय नाही. चारही अर्थ म्हणे पोर्तुगीजांनी दिले. मी इंग्रजी घेऊन बीए केलंय. बंदर आणि खाच लॅटिनमधली, दारू पोर्तो शहरावरून, आणि धक्क्याला लागते म्हणून ती डावी बाजू. पण मॅडमांपुढे पालकांनी फक्त मान डोलवायची असते.

वर्गाचा नियम, घरात मालवणी बंद. आम्ही पाळला, आणि आमची सीता बोलायचीच थांबली. तहान लागली तरी कळशीकडे बोट दाखवायची. मी दिवसभर तिच्या ओठांकडे बघत राहायचे. मॅडम म्हणाल्या, “सायलेंट पिरियड असतो. पॅनिक होऊ नका.”

शनिवारी सकाळी पोरांना ‘प्रत्यक्ष पोर्ट’ दाखवायला त्या आम्हा सगळ्यांना आचऱ्याच्या किनाऱ्यावर घेऊन आल्या. समोर होती रापण. समुद्रात टाकलेलं लांबलचक जाळं माणसं दोन्हीकडून दोराने ओढत होती. रापणीच्या दोराला हात लावला की जाळं वाळूवर येईपर्यंत सोडायचा नाही, मग मासळीत तुमचा वाटा. मॅडमांनी दोर धरला, फोटो काढून घेतला, सोडला आणि हाताला सॅनिटायझर लावलं. ओढणाऱ्यांत माझ्या सासूबाई, सुभद्राबाई, होत्या. सीता त्यांच्यामागे जाऊन दोराला लोंबकळली, ती शेवटपर्यंत.

जाळं आलं. रापणीचे प्रमुख भाई वाटे घालू लागले.

“आमच्या क्लासतर्फे एक वाटा द्या,” मॅडम म्हणाल्या. “मोठे बघून.”

“तुमी फोटो काढलास मा, मॅडम? मगे तोच तळून खावा,” भाई म्हणाले.

सगळे हसले. त्या गडबडीत भाई सीतेला वगळून पुढे गेले.

“भाई, माजो वाटो खंय? मियां पण दोर वडलो.”

सीता होती. मॅडम खाली वाकल्या. “सीता, इन इंग्लिश, प्लीज.”

“हिका वाटो देव नको, भाई. हिना दोर सोडल्यान,” मॅडमांकडे बोट दाखवत सीता म्हणाली.

भाईंनी तिच्या ओंजळीत दोन बांगडे ठेवले. मॅडमांनी ओढणी सावरली आणि माझ्याकडे वळल्या. “सोमवारचा शब्द ‘बार्क’. तीन अर्थ करून घ्या तिच्याकडून.”

“सोमवारी सीता येवची नाय,” मी म्हटलं, आणि सीतेला विचारलं, “बांगडे तळूचे की सार करूचा, गो?”

“तळूचे,” ती म्हणाली.