दातांच्या डॉक्टरांनी उपटलेलं लिंबू

माझे सासरे दातांचे डॉक्टर, त्यामुळे कुंडीतलं लिंबाचं झाड उपटायचा मान त्यांनी स्वतःकडेच घेतला. थंडी सरली होती, नवी पालवी फुटायची होती. कुंडी बदलायला हीच वेळ बरी. झाड मात्र हलेना. शेवटी सासूबाईंनी कुंडी मांड्यांत आवळली, सासऱ्यांनी खोड ओढलं आणि दोघंही गॅलरीत उताणी पडली.

"मेलात का?" सासूबाईंनी विचारलं.

"झाड जिवंत आहे," सासरे कण्हले.

गोल गुंडाळलेली मुळं मी हलक्या हातानं मोकळी केली. सासऱ्यांनी पिंपाएवढी कुंडी आणली होती.

"एवढ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतील," म्हणत सासूबाईंनी जुनीपेक्षा चार बोटंच मोठी कुंडी पुढे केली.

महिन्याभरात पालवी फुटली. हल्ली सासरे शेजाऱ्यांच्या कुंड्यांकडे आशेनं बघतात आणि शेजारी दारं लावून घेतात.