दोन रेघांची काच

सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात त्या दिवशी भाजीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. सारी गर्दी काळ्या कनातीपुढे लोटली होती. आत विद्युतबाबा मेलेली माणसं दाखवत होता, आणि तीही विज्ञानाच्या आधाराने! पोलादाचा कारखाना उभा राहत असलेल्या भिलाईत नुसत्या अंगाऱ्यावर धंदा चालणार नाही, एवढी अक्कल त्याला होती.

"इलेक्ट्रॉन एक, दरवाजे दो!" बाबा गरजला. "कण भी वही, लहर भी वही. दोनों दरवाजों से एक साथ जाता है. तो आपका बेटा यहाँ भी, वहाँ भी क्यों नहीं?"

लोकांनी माना डोलावल्या. कळलं कुणालाच नव्हतं.

रांगेत सत्यशीला आईचा दंड धरून उभी होती. दंड कसला, नुसती काडी. भाऊ आनंदराव शिवनाथ नदीत बुडाला, त्याला तीन महिने झाले होते. बाबाने आईला, पंचफुलाबाईंना, सांगितलं होतं की अर्धं जेवण लेकाच्या ताटात वाढा, लहरीचा कण होऊन तो जेवायला येईल. उरलेली अर्धी भाकरही तिच्या घशाखाली उतरत नव्हती. पाच वर्षांपूर्वी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई ही! असंच चाललं तर ही पावसाळा पाहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

शाळेत विज्ञान शिकवणारी सत्यशीला घरी समजावून थकली होती. आईचं एकच: "मले दिसला तो. तुले कावून पाहवत नाही?"

कनातीत अंधार होता. पेट्रोमॅक्सवर पत्र्याचा डबा, डब्याला एक उभी चीर, चिरेवर लाल कागद. बाबाने काजळी धरलेली, मधोमध दोन बारीक रेघा ओढलेली काच पुढे केली. "आँख से लगाओ. नाम लो. पर शक मत करना, शक से लहर टूट जाती है."

सत्यशीलाने काच डोळ्याला लावली. "माझे काका. कवडू मेश्राम."

लाल-काळ्या उभ्या पट्ट्या दिसल्या.

"आ गए!" बाबाने डोळे मिटले. "बहुत प्यासे हैं बेचारे. पानी माँग रहे हैं."

"पाणी कशाले?" मागून कवडूकाका म्हणाले. "मी तं आत्ताच चहा पिऊन आलो ना बावा!"

कनात हसण्याने हलली. सत्यशीलाने पिशवीतून आपली काच काढली. "ही मी घरी केली. कंदिलावर काजळी धरली, दोन ब्लेड एकत्र धरून दोन रेघा ओढल्या. पाहा, कुणाचंही नाव न घेता पाहा. मी तर संशय घेऊनच पाहिलं, पट्ट्या काही मोडल्या नाहीत. दोन रेघांतून आलेला उजेड कुठे एकमेकाला वाढवतो, कुठे पुसतो. त्याच्या ह्या पट्ट्या. यात कुणी मेलेलं नाही."

काच हातोहात फिरू लागली. बाबा मागच्या बाजूने कधी सटकला, कळलंही नाही.

आई हसली नव्हती. "मंग लहर खोटी का वं?"

"लहर खरी आहे, आई. इलेक्ट्रॉनचीही खरी आहे. पण तो सापडतो तेव्हा एकाच जागी सापडतो, अख्खाच."

"माहा आनंदा कुठी सापडला?"

आईला सोसणार नाही म्हणून पुरुषांनी प्रेत नदीवरूनच दहनाला नेलं होतं. आईला तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. ओळख पटवायला सत्यशीलाच गेली होती, आणि घरी येऊन 'झोपल्यासारखा दिसत होता' असं खोटं बोलली होती. त्या खोट्याने बाबाला घराचं दार आपणच उघडून दिलं, हे तिला आता कळलं.

"पुलाखाली, खडकात अडकला होता, आई. तू शिवलेला निळा सदरा होता अंगात. डोळे उघडे होते. मी मिटले."

आई तिथेच मातीत बसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने हंबरडा फोडला. सत्यशीलाही तिच्या गळ्यात पडून रडली. झोपल्यासारखा दिसणारा तो खोटा भाऊ आज तिच्यापुरताही गेला होता.

लोकहो, कुणी चमत्काराची काच हातात दिली तर आधी जिवंत माणसाचं नाव घेऊन पाहा. आणि घरातलं कुणी गेलं तर मागे राहिलेल्या आईला खरं सांगा. तिला तोंड पाहू द्या.

संध्याकाळी पंचफुलाबाईंनी लेकाच्या ताटातली भाकर स्वतःपुढे ओढली. रडत रडत सगळी खाल्ली. मग ते ताट घासून फळीवर पालथं घातलं.