झोपलेल्या पिल्लाचा वर्ग

तिसरीच्या बाईंची चूक झाली होती, आणि ती लपवण्यासारखीही नव्हती. मोठ्या सरांच्या हात धुऊन मागे लागून त्यांनी वर्गासाठी टीव्ही मिळवला होता. जगाच्या दुसऱ्या टोकाला हत्तीची आईवेगळी पिल्लं सांभाळत, आणि तिथला कॅमेरा इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असे. बाईंनी तो पाहिला घरी, संध्याकाळी. पिल्लू चिखलात लोळत होतं, बादली लाथाडत होतं, आणि सासूबाई भाजी निवडायची सोडून खो खो हसत होत्या. तोच कॅमेरा सकाळी वर्गात लावला, तर अंधार. तिकडे मध्यरात्र असणार, हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पडद्यावर करड्या उजेडात पिल्लू पांघरूण घेऊन आडवं झालेलं, आणि शेजारच्या खाटेवर त्याला सांभाळणारा माणूसही गाढ झोपलेला.

मोठे सर दार आपटल्याशिवाय वर्गात शिरत नसत आणि ओरडल्याशिवाय बाहेर पडत नसत. ते म्हणाले, "बाई, झोपायला पोरांना शिकवावं लागत नाही! शुक्रवारी येऊन बघतो. हेच चालू असेल, तर टीव्ही माझ्या ऑफिसात."

चौथीच्या बाईंनी सल्ला दिला, "अगं, जुना व्हिडिओ लाव खेळणाऱ्या पिल्लाचा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना! मी मुलांना सांगितलंय, हे आत्ता घडतंय. मग आत्ताचंच दाखवणार."

बाईंनी पदर खोचला. टेबलावर चेंडू ठेवला, बॅटरी लावली, आणि आपल्याकडे ऊन असताना पिल्लू का झोपलंय ते मुलांनीच शोधून काढलं. पिल्लाचं पोट वरखाली होई. मुलं मिनिटभर श्वास मोजत आणि तासाभराचे किती, याचे गुणाकार करत. एरवी गुणाकार म्हटलं की निम्म्या वर्गाला तहान लागायची. मधूनच पांघरूण घसरे. तो माणूस अर्धवट झोपेत हात लांब करून ते सारखं करी. एकाने निबंधात लिहिलं, 'याला आई नाही, पण हा हात आहे.' बाईंनी नाक पुसलं आणि त्या निबंधावर लाल पेन चालवलंच नाही.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे तोफ म्हणत. ती बोलली की फाटकापर्यंत ऐकू जाई. तिने विचारलं, "बाई, आपला आवाज तिकडे जातो?"

"नाही गं."

तोफेने जरा विचार केला. "तरीपण," ती म्हणाली, आणि तेव्हापासून कुजबुजू लागली. तिचं बघून सगळा वर्ग.

शुक्रवारी मोठे सर शिपाईमामांना घेऊन आले. मामांच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. आत चिडीचूप. "गेली कुठे सगळी?" म्हणत सरांनी दार ढकललं. ते करकरलं, आणि वर्गातली झाडून सगळी डोकी वळली. प्रत्येकाचं बोट ओठांवर.

पडद्यावर पांघरूण घसरलेलं होतं. सरांनी ओरडायला तोंड उघडलं.

"सर, हळू," तोफ कुजबुजली. "झोपलंय ते."

"अगं, त्याला कुठे ऐकू येतंय?" सर म्हणाले, पण तेही कुजबुजत.

"माहितीये, सर. पण झोपलंय ना."

मामा टीव्हीकडे निघाले. बाई उठून टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. त्या तिथून हलणार नव्हत्या. तेवढ्यात तोफेने त्यांना हातानेच बाजूला व्हायला सांगितलं. पिल्लू दिसत नव्हतं. बाई जेमतेम वीतभर सरकल्या.

खाटेवरून हात आला. चाचपडला. पांघरूण पुन्हा पिल्लाच्या मानेपर्यंत गेलं. सगळ्या वर्गाने श्वास सोडला, आणि त्यात एक मोठा श्वास सरांचा होता.

 मग सरांनी मामांना जवळ बोलावलं.

"तो स्क्रूड्रायव्हर ठेवा खिशात," ते कुजबुजले, "आणि जरा तेल घेऊन या. हे दार फार करकरतं."