ओमेश कटरेचा पुकारा

“…पाच किंवा पाचपेक्षा जास्त व्यक्तींनी एकत्र जमू नये, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल,” असं खेमराज मेश्रामच्या आवाजाने बाजार चौकाला बजावलं. मग भोंग्यात जरा खरखर झाली आणि तोच आवाज भलत्याच उत्साहाने म्हणाला, “तर या! या! या! सहकुटुंब सहपरिवार या! हसता हसता रडवणारं, रडता रडता हसवणारं तीन अंकी नाटक, ‘पाटलाची सून कोर्टात’!”

ऑटो चालवणाऱ्या खेमराजने हात मागे घालून पेनड्राइव्ह उपटला, तोवर महिलांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था असल्याचंही चौकाला कळलं होतं.

चूक म्हटली तर साधी होती. मोहबोडीत आणि आजूबाजूच्या खेड्यांत दिवाळीनंतर मंडईचा हंगाम असतो. जत्रा भरते, लेकीजावई येतात, रात्रभर नाटक चालतं. त्या सगळ्या नाटकांची जाहिरात खेमराज ऑटोवर भोंगा बांधून करतो. नगरपंचायतीची घरपट्टी, हरवलेली म्हैस, पल्स पोलिओ आणि गावातली प्रत्येक मयत, हे सगळंही तोच पुकारतो. पोलिसांचा जमावबंदीचा आदेश त्याने सकाळी घाईत त्याच पेनड्राइव्हमध्ये भरला होता. यंत्राला आदेश आणि आमंत्रण यातला फरक कळत नाही. एक संपलं की ते दुसरं लावतं.

कालपासून दारं लावून बसलेल्या चौकात पहिल्यांदा कोणीतरी हसलं. पोह्याचा ठेला लावणाऱ्या सुशिलाबाई माडीच्या खिडकीतून ओरडल्या, “खेमराज, तिकीट केवढ्याचं ठेवलं गा?”

पोलीस हसले नाहीत. त्यांनी ऑटो ठाण्यात नेला. भोंगा, मशीन, माइक आणि पाटलाची सून, सगळं जप्त झालं.

आदल्या दिवसाची हकीकत अशी. भैय्यालाल कटरे राईस मिलमध्ये हमाल. त्याचा मुलगा ओमेश त्याच मिलमध्ये कामाला. देवरीकडच्या एका गावात दिलेल्या बहिणीकडे, डिंपलकडे भाऊबीज आटोपून तो मोटारसायकलने परत येत होता. गावाबाहेर नाकाबंदी होती. पोलीस कुठल्याशा टोळीची वाट बघत होते. ओमेशच्या गाडीचा ब्रेक लागत नसे, हे अख्ख्या मोहबोडीला ठाऊक होतं, पण पोलीस नव्यानेच बदलून आलेले. गाडी थांबली नाही म्हणून गोळी झाडली गेली. ठाण्याच्या म्हणण्याप्रमाणे ती हवेत झाडली होती. ओमेश त्या वेळी गाडीच्या सीटवर होता, म्हणजे जमिनीपासून फार तर अडीच फूट हवेत. त्याच्या पिशवीत चिवडा आणि अनारसे सापडले. तेही जप्त झाले.

संध्याकाळी चौकात टायर जळले, दगड चालले, एसटीच्या काचा फुटल्या, अश्रुधुराची नळकांडी पडली. ज्यांनी ओमेशला उभ्या जन्मात चहा पाजला नव्हता, त्यांनी त्याच्या नावाने चहाच्या टपऱ्या उलथल्या. कापडवाले इंद्रकुमार सेठ यांच्या दुकानाची समोरची काच गेली. आतला पुतळा साडीसकट रस्त्यावर आडवा झाला. बराच वेळ पोलीस त्यालाच जखमी समजत होते.

ऑटो जप्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खेमराज आपली मशीन सोडवायला ठाण्यात गेला, तेव्हा आवारात शांतता समितीची बैठक चालू होती. पाच माणसांनीही जमू नये हा आदेश कसा पाळावा, यावर विचार करायला एकवीस माणसं जमली होती. चहा आणि बिस्किटं आली होती.

“भाई, गोली गलत चली, मैं मानता हूँ,” इंद्रकुमार सेठ सांगत होते, “पर भरे सीजन में चली. और मेरे काँच का क्या कसूर था? काँच ने किसी को मारा?”

ठाणेदारांनी खेमराजला बघितलं. “तू! काल काय नाटक लावलं होतंस?”

“‘पाटलाची सून कोर्टात’, साहेब,” खेमराजने खरं ते सांगितलं.

मशीन मिळाली नाही. शांतता प्रस्थापित झाल्यावर मिळेल, असं ठरलं. खेमराजला त्यात फार वाईट वाटलं नाही. त्याला वाटलं, चला, दोन दिवस घशाला आराम.

घरी आला तर ओट्यावर भैय्यालाल बसलेला. खेमराजच्या बायकोने, अन्नपूर्णाने, त्याच्यासमोर ठेवलेला चहा तसाच गार झाला होता. भैय्यालाल उठला नाही, रडलाही नाही. मिलमध्ये पाठीवर पोतं घेऊन उभा राहावा तसा वाकून बसून होता.

“अडीच वाजता पोराले आणतीन म्हन्ते,” तो म्हणाला. “ठाणेदार म्हन्ते, घरी घटकाभर ठेवा अन् तीनले चूपचाप घेऊन जा. चौघं खांद्याले अन् तू. बाकी कोनी नाई.”

खेमराज त्याच्याशेजारी टेकला.

“चूपचाप कसा नेऊ गा, भाऊ? चोर होता का माहा पोरगा?” भैय्यालालने पहिल्यांदा वर बघितलं. “तुवा त्या सावकाराचं पुकारलं. पिऊन पिऊन नालीत मेला, त्या चुन्नीलालचंबी पुकारलं. माह्या पोराचंबी पुकारजो. मले बाकी काई नाई पायजे. मोर्चा नाई पायजे, ते नेते येऊन रायले, तेबी नाई पायजेत. पुकारा पायजे.”

मोहबोडीत माणूस मरतो तो डॉक्टरने सांगितल्यावर नव्हे. खेमराजचा ऑटो गल्लीतून गेला की मरतो. त्याआधी तो नुसता सीरियस असतो. पुकारा झाला की चुली विझतात, बायका नळावरून परत फिरतात, आणि तिरडी बाजारातून जाताना दुकानदार शटर खाली ओढून उभे राहतात. खेमराज प्रत्येकाचं नाव दोनदा घेतो आणि प्रत्येकाला ‘मनमिळाऊ स्वभावाचे’ म्हणतो. सावकारालाही म्हणाला होता. तेव्हा लोकांनी दारात उभं राहून एकमेकांकडे बघितलं होतं, पण हरकत कोणी घेतली नव्हती. मेलेल्याला एवढी सूट गाव देतं.

भैय्यालाल गेला. खेमराज ओट्यावरच बसून राहिला.

“काऊन असे बसून रायले?” अन्नपूर्णा म्हणाली. “जा ना.”

“मशीन ठाण्यात हाय.”

“मंग मागा.”

“आताच तं मागून आलो. नाई देत.”

“पुकारा कोन करते? तुमी का मशीन?”

खेमराजने प्रामाणिकपणे विचार केला. “खरं सांगू का? मशीनच करते.”

ते खरंच होतं. तरुणपणी तो नाटक कंपनीत होता. शिपाई, नोकर, दुसरा गावकरी अशा भूमिका करायचा. पण त्याचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नसे. मालकाने कंटाळून त्याला भोंग्यावर बसवलं आणि एका रात्रीत तो तालुक्यातला सर्वात मोठा आवाज झाला. मोहबोडी ज्याला खेमराज म्हणून ओळखत होती, त्यात निम्मा खेमराज होता आणि निम्मा अॅम्प्लिफायर. त्यातला कामाचा निम्मा ठाण्यात अडकला होता.

तरी तो पुन्हा गेला. समिती अजून बसलेली होती. बिस्किटांचा दुसरा पुडा फुटला होता.

“साहेब, मशीन नोको,” खेमराज म्हणाला. “पोराचा पुकारा करू द्या फक्त. एक चक्कर.”

“पुकारा म्हणजे गर्दीला निमंत्रण,” ठाणेदार म्हणाले. “आणि तुझी निमंत्रणं मी ऐकली आहेत.”

समितीने मधला मार्ग काढला. समित्या त्यासाठीच असतात. इंद्रकुमार सेठ समजुतीने म्हणाले, “दो दिन बाद पुकार लो न, खेमराज भाई. माहौल ठंडा होने दो. लड़का तो अब कहीं जा नहीं रहा.”

बोलून झाल्यावर सेठना आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं. त्यांनी बिस्कीट बशीत परत ठेवलं.

खेमराज घरी आला. मयतीच्या दिवशी घालायचा पांढरा सदरा त्याने खुंटीवरून काढला.

“दिली का मशीन?” अन्नपूर्णाने विचारलं.

“नाई.”

“मंग सदरा कायले घालून रायले?”

“पुकारा हाय ना,” खेमराज म्हणाला. अन्नपूर्णाने फक्त डब्यातून खडीसाखर काढून त्याच्या हातावर ठेवली.

टळटळीत दुपारी तो बाजार चौकात पायी येऊन उभा राहिला. रस्त्यावर जळलेल्या टायरच्या तारा पडल्या होत्या. त्याने तोंडाभोवती हात धरले. “कळविण्यास अत्यंत दुःख होते की…” आवाज निघाला, चार पावलं गेला आणि बसला. समोरच्या दुकानाच्या पायरीवरचं कुत्रंही उठलं नाही. एक तरुण शिपाई मात्र काठी घेऊन आला.

“काका, बंदी हाय.”

“भोंग्यावर बंदी हाय. माह्याजवळ भोंगा कोठी हाय?”

“जमावबंदी हाय ना.”

“मी एकटा हावो. पाच व्हाले अजून चौघं पायजेत.”

शिपायाने मनातल्या मनात मोजलं. हिशेब बरोबर होता. म्हणून तो खेमराजच्या मागे मागे चालू लागला.

“तू माह्या संग नोको चालू, बाबू,” खेमराज म्हणाला. “उगाच आकडा वाढते.”

शिपाई खरोखरच थोडा मागे राहिला. खेमराजने पुन्हा हात तोंडाशी नेले. “टिळक वॉर्ड येथील रहिवासी, श्री. भैय्यालाल कटरे यांचे सुपुत्र ओमेश…” इथे घसा फाटला. खोकला आला. खडीसाखर दाढेखाली फुटली आणि संपली.

माडीची खिडकी उघडली. “कोनाचं गा, खेमराज?” सुशिलाबाईंनी विचारलं. “ओमेशचं? आयकू नाई येत तुहं.”

खेमराजने मान हलवली. त्याला बोलता येईना.

सुशिलाबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला, गल्लीकडे तोंड केलं आणि पोह्याला गिऱ्हाईक बोलवायच्या खड्या आवाजात सुरुवात केली, “कळविण्यास अत्यंत दुःख होते की…”

‘कळविण्यास’ हा शब्द त्यांनी आयुष्यात कधी वापरला नव्हता. पण तो त्यांना पाठ होता. चाल खेमराजची होती, ‘की’वर थांबायची जागाही त्याचीच. “ओमेश भैय्यालाल कटरे! ओमेश भैय्यालाल कटरे! यांचे दुःखद निधन झाले आहे! ते अतिशय मनमिळाऊ स्वभावाचे होते!”

ओमेश मनमिळाऊ नव्हता. आउट झाल्यावर तो बॅट सोडत नसे आणि पोह्यावर तर्री कमी पडली म्हणून सुशिलाबाईंशीच महिन्यातून दोनदा भांडत असे. त्या मनमिळाऊवर जरा जास्तच जोर देऊन थांबल्या आणि पदर तोंडाला लावला.

पुढचं पलीकडच्या दारातल्या न्हाव्याने उचललं. “त्यांची अंत्ययात्रा आज दुपारी तीन वाजता राहत्या घरून निघेल!” त्याच्याकडून ते गल्लीच्या तोंडाशी गेलं, तिथून मशिदीमागे, तिथून तलावाच्या पाळीवर. कोणी उंबरा ओलांडला नाही. शिपाई गल्लीत इकडून तिकडे धावत होता. ज्या दारापाशी तो पोचे, ते दार गप्प होई आणि पुढचं बोलू लागे. खेमराज नुसता चालत होता. त्याचा पुकारा त्याच्या पुढे निघून गेला होता. राईस मिलच्या वळणावर तो पोचला, तेव्हा तिथल्या बायकांनी त्यालाच सांगितलं, “मेश्रामभाऊ, तुमाले मालूम झालं का? ओमेशची मयत तीनले हाय.”

“हो, आयकलं,” खेमराज घोगऱ्या आवाजात म्हणाला.

तिरडी वेळेवर निघाली. चौघांच्या खांद्यावर ओमेश आणि पुढे मडकं धरून भैय्यालाल. मागे कोणी नव्हतं. पण टिळक वॉर्डापासून बाजारापर्यंत प्रत्येक दारात माणसं उभी होती. चार, चार, चार. कुठे चारच्या वर नाहीत. ज्या घरात सहा होती, तिथली दोन गच्चीवर गेली होती. ठाणेदारांनी पाच-सात दारं मोजली, मग मोजणं सोडून दिलं. त्यांना शांतता हवी होती आणि ती एवढी झाली होती की भैय्यालालच्या चपलेचा तुटका अंगठा फरशीवर आपटतोय, तेही ऐकू येत होतं.

तिरडी बाजाराच्या तोंडाशी आली तेव्हा खडखडाट झाला. पोलीस काठ्या सरसावून वळले. इंद्रकुमार सेठ यांच्या दुकानाचं शटर वर जात होतं. काच गेलेली, आत अंधार, गल्ल्यावर कोणी नाही. सेठ अनवाणी उभे होते आणि दोन्ही हातांनी शटर वर ढकलत होते.

“सेठ, पागल झालात का?” ठाणेदार ओरडले. “बाजार बंद आहे! बंद करा ते!”

“बंद ही तो करना है, साहब,” सेठ म्हणाले. त्यांना दम लागला होता. “पहले से बंद दुकान मैं कैसे बंद करूँ?”

समोरच्या भांड्याच्या दुकानाचं शटर वर गेलं. मग औषधाचं, मग मोबाइलचं, मग चपलांचं. क्षणभर मोहबोडीचा बाजार पूर्ण उघडा होता आणि एकाही दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ठाणेदारांचा हात शिट्टीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

भैय्यालाल मडकं धरून पहिल्या दुकानासमोर आला. इंद्रकुमार सेठनी शटर खाली ओढलं, आवाज न करता, वाकून, अगदी जमिनीला टेकेपर्यंत. मग पुढच्याने. तिरडी पुढे सरकत गेली, तसं एकेक दुकान तिच्यासमोर खाली येत गेलं. भैय्यालालने कुठे बघितलं नाही, पण त्याची वाकलेली पाठ चौकातून जाताना थोडी सरळ झाली.

तिरडी मोक्षधामाच्या वाटेला लागली. आवाज बसलेला खेमराज आता तिच्यामागे हातात चपला घेऊन चालत होता, सहावा. त्याच्या पाठीमागे बाजार पुन्हा आदेशाप्रमाणे कडकडीत बंद होता.