दाखवून द्यायचा माणूस

बेलिफ मोहिद्दीनभाईंनी मोटारसायकलवरून उतरून आधी बुटातला खडा काढला, मग पिशवीतून समन्स. समोरच्या माळावर धनगरांचा तळ पडला होता. दोन घोडी, जाळीत कोंडलेली कोकरं, तीन दगडांची चूल आणि चुलीपुढे हरणाबाई.

"वळखलं का वैनी?" मोटारसायकलवर मागे बसून आलेल्या मल्हारने विचारलं.

"न वळखाय काय झालं? बसा, भावजी." हरणाबाईंनी पदर सारखा केला, पण मान वर केली नाही.

"दादा कुठाय?"

"न्हाईत. सांगलीकडं गेल्यात."

"आन् मेंढरं एकलीच चरायला गेली व्हय?"

हरणाबाईंनी चुलीत फुंकर घातली. चुलीशेजारी एक भाकरी ताटाखाली झाकून ठेवली होती, ती मल्हारला दिसली आणि मोहिद्दीनभाईंनाही दिसली.

याआधी हे समन्स दोन वेळा परत गेलं होतं. दादाच्या, म्हणजे धुळाच्या, घराला वर्षातला बराच काळ कुलूप. दारावर चिकटवून मोकळं व्हावं, तर कोर्टातल्या साहेबांनी ते मानलं नाही. माणूस कळपामागं फिरतीवर असतो हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे, तर गाठा आणि हातात द्या, म्हणाले. अशा वेळी वादीनं बेलिफाबरोबर जायचं आणि हाच तो प्रतिवादी म्हणून दाखवून द्यायचं, अशी रीत. वादी मल्हार. दाखवून द्यायचा त्याचा सख्खा थोरला भाऊ. वडील, म्हणजे आबा, गेल्यावर सातबाऱ्यावर एकट्या धुळाचं नाव लागलं, पुढं कालव्याचं पाणी आलं आणि उजाड तुकड्याची बागायत झाली. मेंढरांचा कंटाळा येऊन मिसरूड फुटायच्या आत कराडला पळालेल्या मल्हारला तेव्हा आपला अर्धा वाटा आठवला. दोघा भावांचं बोलणं तिथंच तुटलं.

"मल्हारराव, नीट ऐका," मोहिद्दीनभाई हळू आवाजात म्हणाले. "आज गाठ पडली, तर तारखेला तुम्ही हजर पाहिजेच. प्रतिवादी आला आणि वादीचा पत्ता नाही, तर दावा तिथंच निकालात निघतो. लोक हातचं घालवून बसलेत."

"त्ये मला सांगाय नगं, भाई. पोटाला चिमटा काढून वकील लावलाय म्या."

दोघे माळाच्या कडेला आले. खाली खोल ओघळ आणि पलीकडे बाभळींचं रान. लांबवर मेंढरं विखुरली होती, माणूस मात्र कुठेच दिसत नव्हता. तो कुठल्यातरी बुंध्याआड बसून आपल्याकडेच बघत असणार, हे मल्हारला पक्कं माहीत होतं.

"एवढ्या काट्यातून मी काही उतरत नाही," मोहिद्दीनभाईंनी सांगून टाकलं.

मल्हारने तोंडाला तळहात लावला.

पाणवठ्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले, की धनगर भांडत बसत नाहीत. दोघं दोन बाजूंना उभे राहून आपापल्या घरची हाक घालतात आणि मेंढरं आपसूक वेगळी होतात. त्यांच्या घरची हाक आबांची होती. लांबलचक चढत जाणारी आणि शेवटी दोनदा तुटणारी. मल्हारला ती चालता यायच्या आधी कळत होती. कराडच्या गॅरेजमध्ये अशी हाक कुणाला मारायची? पहिल्यांदा नुसता खोकलाच आला. दुसऱ्यांदा ती छातीतून निघाली आणि स्वतःच्याच आवाजाची त्याला ओळख पटेना.

रानातली सगळी डोकी एकदम वर झाली.

यातलं एकही मेंढरू त्याने पाहिलेलं नव्हतं. तो घर सोडून गेला तेव्हा यांच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या. तरीही कळप वळला. आधी कडेची, मग मधली, मग सगळीच ओघळात उतरली आणि धुरळा उडवत चढणीला लागली, त्याच्याकडे, थेट त्याच्याकडे. मल्हारला भीती वाटली आणि रडूही आलं. आपल्याजवळ एवढं मोठं काही आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बघता बघता कमरेइतक्या लोकरीत दोघे बुडाले. मोहिद्दीनभाईंनी पिशवी डोक्यावर धरली आणि "सुभानल्ला" म्हणून ते तसेच उभे राहिले.

कळपामागून धुळा धावत आला. डोक्याला पटका नव्हता, हातात काठी नव्हती, पायही अनवाणी. मल्हारला पाहिलं आणि तो जागीच थांबला.

"तू हायस व्हय," तो धापा टाकत म्हणाला. "मला वाटलं, आबा."

मोहिद्दीनभाईंनी घसा खाकरला. काम ते काम.

"मल्हारराव, प्रतिवादी धुळा, तो हाच का?"

बोट दाखवायला मल्हारचा हात उठला नाही.

"व्हय," तो म्हणाला. "माजा दादा हाय."

धुळाने मुकाट अंगठा उठवला, समन्स घडी करून बंडीच्या खिशात घातलं आणि तारीख विचारून घेतली. मग त्याने मेंढरांकडे पाहिलं. ती मल्हारभोवतून हलायला तयार नव्हती.

"यीन मी," धुळा म्हणाला. "कोर्टाचं बोलवणं, न्हाई कसं म्हणायचं? पर पोरगं गेलंय परमुलखात आन् हिला एकलीला येवढी आवरत न्हाईत. त्या दिशी तू थांब की रं हितं. माज्याबिगर ती तुज्याच हाकंला आली बग."

मोहिद्दीनभाईंनी काही सांगायला तोंड उघडलं. मग मल्हारकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

एक म्हातारी मेंढी मल्हारच्या पँटीचा वास घेत होती. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "त्या दिशी मेंढरं कुठल्या रानात आसतील?"