आज तुला सोडत नाही

“घाई नाही, मावशी. तो नेमकं काय म्हणाला, तेवढंच आठवून सांगा.”

सरकारी वकीलबाईंनी पुन्हा तेच विचारलं. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर मावशींच्या शेजारी त्या जेमतेम टेकल्या होत्या. दुसऱ्या बाजूला मावशींची लेक, आणि समोर भिंतीला पाठ लावून धाकटे दीर उभे. आत दुसराच कुठला तरी खटला रेंगाळत होता. मावशींचा नवरा जाऊन तीन वर्षं होत आली होती. साक्षीची तारीख इतक्या वेळा पुढे ढकलली गेली होती, की आज खरंच आत बोलावतील यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

“जबाबात आहे ना सगळं,” दीर म्हणाले. “‘आज तुला जिवंत सोडत नाही’, असं म्हणाला आणि ढकललं. अजून काय पाहिजे?”

“मला त्यांच्याकडून ऐकायचंय,” वकीलबाई म्हणाल्या. “मावशी, कायद्यात माणूस मारण्याचेही प्रकार असतात. मारायचंच असं मनात धरून मारलं, तर तो खून. भांडणाच्या भरात हात चालला आणि त्यात माणूस गेला, तर सदोष मनुष्यवध. त्याला शिक्षा कमी. म्हणून त्याच्या मनात काय होतं ते महत्त्वाचं. आणि मनात काय होतं, ते तोंडून काय आलं त्यावरून ठरतं.”

“मेलेल्या माणसाला त्यानं काय फरक पडतो?” मावशींनी विचारलं.

“मेलेल्याला नाही पडत. मारणाऱ्याला पडतो.”

मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात मावशींची उभी हयात गेली होती. वॉर्डातून येणाऱ्या चादरींचे ढीग उपसायचे, डाग बघून वेगळे करायचे, यंत्रात घालायचे, ओल्या कापडाचं ओझं दोरीपर्यंत न्यायचं. खांदे भरून आलेले असायचे. काल संध्याकाळची पाळी करून त्या आल्या होत्या आणि आज दुपारी परत जायचं होतं. सुट्टी मागून मागून मुकादमासमोर जायची आता लाज वाटायची.

वकीलबाईंना हवा होता तो एक शब्द. जिवंत.

त्या दिवशी घडलं ते इतकं क्षुल्लक होतं, की कुणाला सांगायला गेलं तर तोंड उघडवत नसे. समोरच्या बिऱ्हाडात वायरमन राहायचा. कामावरून आला की त्याची शिडी दोन दारांमधल्या बोळात उभी करायचा. मावशींचे यजमान बस आगारात मेकॅनिक. त्यांना ती शिडी डोळ्यात खुपायची. रोज कुरकुर, रोज टोमणे. त्या सकाळी अंधाऱ्या बोळात त्यांचा पाय शिडीत अडकला आणि गुडघा फुटला. त्यांनी शिडी उचलून आपटली. वायरमन बनियनवर बाहेर आला. शब्दाला शब्द वाढला. मावशी दारात हातात पोळपाट घेऊन उभ्या होत्या. यजमानांनी वायरमनच्या कानाखाली लावली. त्याची बायको मागेच उभी होती, तिच्यादेखत. मग वायरमन ओरडला, आणि दोन्ही हातांनी त्यानं यजमानांना ढकललं. मागे जिना होता.

पायरीची कड डोक्याला लागली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

लोकांना एवढंच माहीत होतं. मावशींना त्यानंतरचंही माहीत होतं. वायरमन क्षणभर स्वतःच्या हातांकडे बघत उभा राहिला. मग धडपडत खाली उतरला आणि यजमानांचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत राहिला, “दादा, उठा हो. दादा, चुकलं माझं, उठा.” दोघातिघांनी उचलून गाडीत घातलं, त्यात पायाकडून धरणारा तोच होता. पोलीस येईपर्यंत तो कुठं गेला नाही.

आणि जबाब लिहून घेतला तेव्हा मावशी रुग्णालयाच्या बाकावर बसल्या होत्या. हवालदार विचारत होता, दीर उत्तरं देत होते. “जिवंत सोडत नाही म्हणाला ना, वहिनी?” असं दिरांनी विचारलं, आणि मावशींनी मान हलवली. तेव्हा त्यांना कुणी काहीही विचारलं असतं तरी त्यांनी मान हलवली असती.

शिपायानं नाव पुकारलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर मावशींना पहिल्यांदा वायरमन नीट दिसला. केस पांढरे झाले होते. अंगावरचा सदरा खांद्यातून ओघळत होता. मागच्या बाकावर त्याची बायको पदराचं टोक मुठीत घेऊन बसली होती.

वकीलबाईंनी एकेक प्रश्न विचारत त्यांना त्या सकाळपर्यंत आणलं. “ढकलण्याआधी आरोपी काय म्हणाला?”

“‘आज तुला सोडत नाही’, म्हणाला.”

वकीलबाई थांबल्या. “नीट आठवून सांगा. एवढंच म्हणाला?”

“एवढंच.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाई, तुमच्या जबाबात ‘जिवंत सोडत नाही’ असं आहे.”

“साहेब, त्या दिवशी मला शुद्ध नव्हती. दुसऱ्यानं सांगितलं, मी मान हलवली. जिवंत असं तो म्हणाला नव्हता.” मावशींनी पिंजऱ्याचा कठडा धरला. “सोडत नाही असं माणूस कशालाही म्हणतो, साहेब. हे सुद्धा रोज कुणाला तरी म्हणायचे.”

कुणीतरी मागे हलकंसं हसलं आणि गप्प झालं.

मग आरोपीचा वकील उठला. गोरागोमटा, शांत माणूस. “मावशी, एकच विचारतो. पहिला हात कुणी उचलला?”

मावशींनी लेकीकडे पाहिलं. लेक त्यांच्याकडेच बघत होती. यजमानांचा हात लवकर उठायचा, हे त्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. लेकीनं लहानपणापासून ते पाहिलं होतं, आणि बाबा गेल्यापासून तिनं ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत ते हसत होते, आणि लेकीला ते तसेच हवे होते.

“ह्यांनी,” मावशी म्हणाल्या.

लेक उठली आणि बाहेर निघून गेली.

मावशी बाहेर आल्या तेव्हा दीर फाटकापाशी थांबले होते. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “वहिनी, त्यानं एकदा मारलं दादाला. आज तुम्ही दुसऱ्यांदा मारलंत.”

“भाऊजी, तुम्ही तिथं नव्हता.”

“मी त्याचा भाऊ आहे.”

“मी तिथं होते,” मावशी म्हणाल्या, आणि बसथांब्याकडे वळल्या. पाळीला उशीर होत होता. त्या दिवशी धुलाईखान्यात शस्त्रक्रियेच्या खोलीतला ढीग आला होता. त्यांनी तो गार पाण्यात सोडला, कारण गरम पाण्यात रक्ताचा डाग कायमचा बसतो, आणि यंत्राच्या घरघरीत बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की आपण रडतोय.

लेक बरेच दिवस बोलली नाही. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. घरी यायची, जेवायची, ताट घासून ठेवायची. शेवटी एका रविवारी केस विंचरता विंचरता, आरशातूनच तिनं विचारलं, “तुला त्याचा राग येत नाही का गं?”

“येतो. रोज सकाळी दार उघडलं की समोर त्याचं दार दिसतं. रोज येतो.”

“मग?”

“मग काय? मला राग आला म्हणून तो जे बोलला नाही, ते बोलला असं कसं होईल?”

“तू बाबांचं नाव घालवलंस.”

“नाव नाही घालवलं, बाळ. हात कुणी उचलला ते सांगितलं.” मावशी पलंगाच्या कडेला बसल्या. “तुझ्या बाबांची मला आठवण येते. त्यांच्या हाताचीसुद्धा येते, हे तुला सांगून कळायचं नाही. पण खोटं सांगून त्यांना चांगलं करायची ताकद आता माझ्यात नाही उरली.”

लेकीनं वेणी घालायचं थांबवलं.

निकाल लागला तेव्हा दोघी गेल्या होत्या. न्यायाधीशांनी बराच वेळ वाचलं. मारण्याचा हेतू सिद्ध होत नाही, अचानक भांडण, चिथावणी, मात्र जिन्याच्या तोंडाशी ढकललं तर काय होऊ शकतं याची जाणीव आरोपीला होती. खून नाही. सदोष मनुष्यवध. सात वर्षं, आत काढलेली वजा करून. दीर निकाल पुरता ऐकायच्या आत निघून गेले. पोलिसांबरोबर जाताना वायरमननं मावशींकडे बघून हात जोडले. मावशींनी मान फिरवली. त्याच्यासाठी त्या काही बोलल्या नव्हत्या, आणि त्याचे आभार घेऊन कुठं ठेवायचे, हे त्यांना कळत नव्हतं.

महिन्याभरात वायरमनची बायको घर सोडून निघाली. भावाकडे चालली होती म्हणे. खाली टेम्पो उभा होता. एकटाच हमाल मिळाला होता, आणि लोखंडी कपाट जिन्याच्या तोंडाशी अडकलं होतं. हमाल खालून पेलत होता, ती वरून.

मावशी कामावर निघाल्या होत्या. त्या दारात थांबल्या. मग डब्याची पिशवी दाराच्या कडीला अडकवली आणि कपाटाचा दुसरा कोपरा धरला.

“ताई, राहू दे,” वायरमनची बायको खालच्या आवाजात म्हणाली. “तुम्ही नको.”

“आडवं करा, मग निघेल,” मावशी म्हणाल्या. “पायरी बघून.”

एकेक पायरी करत तिघं खाली उतरली. हमाल मधे मधे “हां, या” म्हणत होता. कपाट टेम्पोत चढलं. मावशी दोन्ही हात कमरेवर ठेवून दम खात उभ्या होत्या, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. लेक खाली येत होती. कपाट हलकं व्हावं म्हणून त्याचा खण काढून वर बोळात ठेवला होता, तो तिनं छातीशी धरला होता. आत वायरमनचा एक टेस्टर आणि तारांना गुंडाळायच्या काळ्या चिकटपट्टीची गुंडाळी घरंगळत होती.

लेकीनं कुणाकडे न बघता खण टेम्पोत ठेवला, घरंगळलेली गुंडाळी कोपऱ्यात नीट सरकवली, आणि आपली पर्स खांद्यावर घेऊन दुकानाच्या रस्त्याला लागली.