शेवटचं पान

बावीस वर्षं मी या शाळेत झाडतेय, घंटा देतेय, बाकं वाहतेय. सगळे मावशी म्हणतात. अक्षर मात्र मागच्या वर्षी शिकले, साठीला टेकताना.

शाळा उघडायला आठवडा होता. मी ऑफिसात कपाटं पुसत होते. आमचे कारकून, भाऊसाहेब, पहिलीच्या प्रवेशाचे फॉर्म वाटत होते. अ तुकडी डावीकडे, ब उजवीकडे. दर वर्षीसारखंच, प्रत्येक फॉर्मचं फक्त शेवटचं पान उलटून. मला वाटायचं, तारीख बघत असतील.

या वेळी मीही डोकावले. डाव्या गठ्ठ्यात सह्या. उजव्या गठ्ठ्यात नुसते अंगठे, निळे निळे.

फडकं बाजूला ठेवून मी पुढे झाले.

"भाऊसाहेब, हे काय?"

"काय म्हणजे? घरी अभ्यास घेणारं कोण आहे, ते इथंच कळतं. तुमचं आता बरं झालं, मावशी. नात अ मध्ये! चहा पाजा."

लेक परगावी कामाला, नात माझ्यापाशी. तिच्या फॉर्मवर मी सही केली होती. ती बसवायला मला तीन महिने लागले होते. आणि माझी लेक? सात वर्षं ब मध्ये. गुण कमी म्हणून मी तिला बडवलं होतं. आठवीत ती आलीच नाही.

मोठ्या बाई आत आल्या. मी दोन्ही गठ्ठे त्यांच्यापुढे उघडून धरले. त्यांचा चेहरा उतरला.

"मला वाटायचं, गुणांवर होतं हे."

"पहिलीच्या पोरांना कुठले गुण, बाई?"

भाऊसाहेब चिडले. "आधीच्या कारकुनांनी दाखवलं तसं करतो मी. यादीखाली सही तुमची असते, बाई!"

"आणि मोडकी बाकं ब च्या वर्गात कोण नेतं?" मी म्हटलं. "मीच. चांगली अ ला, डगमगती ब ला. कुणी सांगितलं होतं, तेही आठवत नाही."

मी शाईचा पॅड ओढला आणि नातीच्या फॉर्मवर, माझ्या सहीशेजारी, अंगठा उठवला.

"मावशी! तुम्हाला सही येते ना?" भाऊसाहेब म्हणाले.

"येते. लेकीच्या वेळी येत नव्हती."

बाईंनी दोन्ही गठ्ठे एकत्र केले, शेवटची पानं खाली ठेवून पत्त्यांसारखे पिसले आणि वाटायला लागल्या. एक इकडे, एक तिकडे. नातीचा फॉर्म ब वर पडला. त्यांचा हात थांबला.

"बदलू?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ, उघडलं होतं.

"राहू दे," म्हटलं.

"मग ब ला यंदा मी शिकवते," बाई म्हणाल्या. "आणि ही वाटणी दर वर्षी तिघांनी बसून करायची. एकट्यानं नाही."

मी बाकं हलवायला गेले. अ मधली निम्मी चांगली बाकं ब मध्ये न्यायची होती. पहिलं उचलायला वाकले, तर पलीकडचं टोक भाऊसाहेबांनी धरलेलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दोन खेपांत त्यांना धाप लागली.

ब मधलं एक बाक बाहेर काढलं. एका पायाखाली मीच कधीतरी पुठ्ठ्याची घडी घातली होती. ती दबून दबून काळी पडलेली.

"हे आता अ मध्ये?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कुठंच नाही," मी म्हटलं. "सुताराकडे."